बिब्ब्याचे पाच टिपके

टॉवेलवर चार हात होते आणि समोर बाई एकच बसली होती.

हात लाकडाचे होते. मनगटाच्या वर वीतभर जाऊन संपलेले, टोकाला खुंटी बसवायचं भोक. वरून गुलाबी ऑइल पेंट, चकचकीत. गौरीचे हात. आमच्याकडे भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग दोन गौरी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. स्टँडला साडी नेसवायची, वर पितळी मुखवटा ठेवायचा, दोन्ही बाजूंना हात अडकवायचे. तीन दिवसांचं माहेरपण करून त्या जातात. वर्षाचे बाकीचे दिवस हे हात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत झोपलेले असतात.

"ह्यांची नखं करायचीत, ताई," समोरची बाई म्हणाली. "उद्या गवर यायचीय."

मी बारामतीत भिगवण रोडला एका पार्लरमध्ये नेल टेक्निशियन आहे. म्हणजे लोकांची नखं घासते, लांबवते, रंगवते, त्यांच्यावर मोर आणि मोगरे काढते. माझी आई अजून सगळ्यांना 'नखांची डॉक्टर' असं सांगते. वडील वालचंदनगरला फिटर होते. क्वार्टरच्या ओट्यावर बसून त्यांनी मला कानस चालवायला शिकवली होती. एकाच दिशेनं, दाबून नाही, आणि घाई असेल तर अजिबात नाही. लोखंडासाठी शिकवलेलं मी नखांवर वापरते हे कळल्यावर ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "नख मोडलं तर परत वाढतं. पार्ट मोडला तर साहेब येतो. तुझं बरं आहे."

त्यांचं बोलणं मला त्या दिवशी दोनदा आठवलं.

गौरी-गणपतीच्या आठवड्यात आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसते. कुणाला अंगठ्यावर जास्वंद हवी, कुणाला करंगळीवर उंदीर. त्या दिवशी साडेअकरापासून माझ्या सहा अपॉइंटमेंट होत्या. ही बाई दहा वाजताच आली, ठरवून नाही, कापडी पिशवी पोटाशी धरून. नाव वैशाली. इंदापूरच्या पुढं नरसिंहपूरच्या वाटेवर भीमेकाठी त्यांची डाळिंबाची बाग. सकाळची पहिली एसटी धरून आली होती.

मला लोकांचे चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात. वैशालीच्या बोटांना डाळिंबाच्या सालीचे काळे डाग होते, ते आठवडाभर जात नाहीत. डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या जरा जास्तच दाटीनं भरलेल्या. पिशवी टेबलावर ठेवताना त्या वर सरकल्या आणि खाली निळसर फुलपाखराचा पंख दिसला. टॅटू. तिनं चटकन बांगड्या खाली ओढल्या. मी दुसरीकडे पाहिलं. टेबलावर दिसलेलं टेबलावरच ठेवायचं, हा आमच्या कामातला न लिहिलेला नियम आहे.

"घरी नेलपेंट नाही का?" मी विचारलं.

"हाय की. दरसाली आत्ती लाल लावत्यात." आत्ती म्हणजे तिची सासू. "औंदा त्यांचा हात थरथरतोय. म्हणल्या, वैशाली, औंदापास्नं गवर तुझ्या हाताची. अकरा वर्सांत पयल्यांदा म्हणल्या, ताई. मी त्या घरात नैवेद्याच्या भाजीत मीठसुद्दा इचारून घातलंय."

"मग हे हात आणताना विचारलंस ना त्यांना?"

ती पिशवीच्या बंदाशी खेळायला लागली. "सरप्राइज द्यायचंय."

मग तिनं मोबाइलमध्ये सजावट दाखवली. कागदाची कमळं, आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, लोकरीचं तोरण. सगळं घरी, व्हिडिओ बघून केलेलं. कमळाची एकेक पाकळी पेन्सिलीवर गुंडाळून वळवली होती. एवढी सफाई मला आमच्या ट्रेनिंगच्या मुलींकडून मिळत नाही. तिला गौरीच्या प्रत्येक नखावर एक डाळिंबाचं फूल हवं होतं. वीस नखं, वीस फुलं. आपल्या बागेची खूण म्हणून.

नाही म्हणायला हवं होतं. पण मी हो म्हणाले. इतकं शांत बसणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नसतं.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. नखावर काहीही लावायच्या आधी 'प्रेप' करतात. म्हणजे पूर्वतयारी. जुना रंग, तेल, क्रीम, सगळं निपटून काढायचं, नाहीतर नवीन रंग धरत नाही. त्यासाठी ॲसिटोन वापरतात. पाण्यासारखं दिसतं, नाकाला झोंबतं आणि रंग विरघळवतं. घरी नेलपेंट काढायला जे वापरता, त्याचा हा दांडगा भाऊ. दिवसातून दहा वेळा मी त्यात पॅड बुडवते आणि पुसते. हाताला इतकी सवय झालीय की डोकं लागत नाही.

ज्येष्ठेचा उजवा हात मी पहिल्यांदा घेतला. काचेतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. भाद्रपदातलं ऊन, ओलसर, पिवळं, मध्येच ढगात जाणारं. हात माझ्या हातात अगदी बेतानं बसला. कुणा सुतारानं कोरला असेल, त्यानं कुणाकडे बघून कोरला असेल, असं काहीबाही मनात येत होतं. बोटं जरा आखूड होती. अंगठ्याचं पेर किंचित बाहेर. हा कुणीतरी कष्टाच्या बाईचा हात आहे, असं मला वाटत राहिलं. थोडा वेळ धरून ठेवला तर तो गरम होईल, असंही वाटलं. रेडिओ बारीक आवाजात लागला होता. वैशाली वेगवेगळे लाल रंग निवडत होती. मी जागी होते, पण पुरती नव्हते.

हाताच्या पाठीवर हळदीकुंकवाचा तेलकट थर होता. मी पॅड बुडवला आणि मनगटापासून बोटांपर्यंत पुसला. सवयीप्रमाणे. लांब हातानं, तीनदा.

पॅड गुलाबी झाला.

माणसाच्या हातावर ॲसिटोन फक्त रंग काढतं, कातडी काढत नाही. गौरीची कातडीच रंगाची होती. वीस वर्षांच्या कामात ही एवढी साधी गोष्ट मला कधी लक्षात ठेवावी लागली नव्हती.

तिथंच थांबले असते तर भागलं असतं. पण डाग पडला की तो सारखा करायचा, हीसुद्धा सवय. मी कडा सारख्या करायला गेले. गुलाबीखाली पिवळा रंग निघाला. पिवळ्याखाली काळपट सावळा. तो मात्र पुसला जाईना, कारण तो रंग नव्हता. तेल पाजून पाजून मुरलेलं लाकूड होतं. आणि त्या सावळ्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेत, पाच काळे टिपके होते. चार कोपऱ्यांना चार, मधे एक.

"ताई," वैशालीचा आवाज एकदम लहान झाला. "ही आमची गवर न्हाय."

"तुझ्याच पिशवीतून निघालीय."

"आमची गवर गोरी हाय वो!"

मी ड्रॉवर उघडला. माझ्याकडे गुलाबीच्या एकतीस छटा आहेत. बेबी पिंक, रोझ पिंक, पीच, नवरीचा, मैत्रिणीचा. गौरीचा एकही नाही. दोन मिसळून मनगटाजवळ बोटभर लावून पाहिलं. दिव्याखाली बरोबर दिसला, उन्हात नेल्यावर वेगळा. पुसून टाकला. तीन हात गुलाबी, एक सावळा, आणि गौरी उद्या संध्याकाळी यायची.

"उंदरानं कुरतडलं म्हणून सांगू," वैशाली म्हणाली.

"उंदीर पाच टिपके काढत नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आवाज इतका मोठा होता की मलाही सगळं ऐकू आलं.

"पेटी उघडी हाय. गवरीचं हात कुठं हायत?"

"आत्ती, ते... मी बारामतीला आणलेत. जरा नीटनेटकं कराय."

"कुणाला इचारून?"

पलीकडून फोन बंद झाला. वैशाली रडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिनं तिन्ही गुलाबी हात एकेक करून साडीच्या तुकड्यात गुंडाळले आणि म्हणाली, "आता पुढल्या साली गवर जावंला देतील. मला पुन्यांदा मीठच इचारावं लागंल."

चूक माझी होती आणि घरातला मान तिचा जात होता. मी उठले आणि पार्लरच्या मालकिणीकडे गेले. आम्ही तिला मॅडम म्हणतो.

"मॅडम, मला इंदापूरला जावं लागतंय."

"आज? वेडी झालीस? कशाला?"

"गिऱ्हाइकाचा हात खराब केला मी."

मॅडमचा चेहरा उतरला. तिनं आधी वैशालीच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "ह्यांचा?"

"नाही. गौरीचा."

मॅडमनं टॉवेलवरचा हात पाहिला. नकळत नमस्कार केला. मग धंद्यावर आली. "हे बघ, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चूक कबूल करायची नसते. सॉरी म्हण आणि पुढच्या वेळी डिस्काउंट दे."

"ह्यांची पुढची वेळ पुढच्या भाद्रपदात आहे."

मॅडमनं अपॉइंटमेंटची वही पुढं ओढली. मग म्हणाली, "तुझी गिऱ्हाइकं मी घेते. जा. आणि तिथं पार्लरचं नाव सांगू नकोस."

बॅगेत मी ॲसिटोनची बाटली, पॅड, हातमोजे आणि ब्रशांची पुरचुंडी टाकली. ॲसिटोन का घेतलं, ते सांगता येत नाही. ज्यानं बिघडवलं ते जवळ असावं, असं वाटलं.

एसटीत आम्हाला जागा मिळाली. वैशालीच्या मांडीवर तीन हात, माझ्या मांडीवर एक, स्वच्छ टॉवेलमध्ये. दोन्हीकडे ऊस. तो इतका उंच झाला होता की गाडी हिरव्या गल्लीतून चालल्यासारखी वाटत होती. जंक्शन नावाच्या फाट्याला गाडी थांबली. इथून आत वळलं की वालचंदनगर, आमचं क्वार्टर, तो ओटा. वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी त्या फाट्यावर मी अजून खिडकीतून बघते. पार्ट मोडला तर साहेब येतो. आज माझा साहेब कांद्या-लसणाच्या वासाचा, लुगडं नेसलेला, असं काहीतरी मनात आलं आणि डोळा लागला.

स्वप्न पडलं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. कुणीतरी माझा हात धरून मला ओट्यावरून खाली उतरवत होतं, एवढं आठवतं. तो हात खरबरीत होता आणि त्याला घाई नव्हती. निमगाव गेल्यावर जाग आली तेव्हा टॉवेल सुटला होता आणि माझी बोटं लाकडाच्या बोटांत अडकली होती. वैशाली बघत होती. मी हात सोडवायची घाई केली नाही.

इंदापूरहून वडापच्या जीपनं गेलो. घर बागेच्या कडेला, स्लॅबचं, बसकं. ओसरीवर कागदाची कमळं टांगलेली होती आणि वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. काड्यांचा झोपाळा कुणी हात न लावता झुलत होता. आतून तळणीचा वास येत होता.

आत्ती स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या. बारीक चणीच्या, जाड भिंगाचा चष्मा. पुढ्यात परात, कानवल्यांची. करंजीला कातणं फिरवून कापतात. पण गौरीच्या कानवल्यांची कड बोटांनी दुमडून पीळ घालत न्यायची असते, तिला मुरड म्हणतात. आत्ती मुरड घालत होत्या आणि बोटं थरथरून ती पुन्हा उघडत होती. परातीत चार-पाच कानवले तोंड उघडून पडले होते.

"ही कोण?"

"मी अनिता. बारामतीच्या पार्लरमधली," मी म्हणाले. नावाबद्दलचं मॅडमचं म्हणणं एवढंच पाळता आलं. "वैशालीनं गौरीची नखं करायला हात आणले होते. एक हात माझ्याकडून खराब झाला. पुसायला नको ते मी पुसलं. चूक माझी आहे."

"नखं? गवरीची?" आत्तींनी सुनेकडं पाहिलं. "न्हेताना मला इचारायचं व्हतं का न्हवतं?"

"व्हतं, आत्ती."

"हात धू आन बस. पाऱ्या वाळाय लागल्यात."

"आत्ती, तो हात बघा की आधी..."

"हात काय पळून जातोय व्हय? पारी वाळली की चिरती."

मग आम्ही दोघी बसलो. टॉवेलातला हात धान्याच्या कोठीवर, आमच्या डोक्याच्या वर. वैशाली लाटत होती, मी भरत होते. खोबऱ्याचं सारण, खसखस, वेलची. मुरड घालायला मी आईकडून शिकले होते, पण वीस वर्षं नखांच्या कडांवर काम केल्यानं ती आता मला न बघता येते. दहाएक झाल्यावर आत्तींनी एक उचलला, चष्म्याजवळ नेला.

"हिचा हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. वैशालीला, मला नाही. हे माझं आजवरचं सगळ्यात अवघड सर्टिफिकेट, आणि नेमकं त्या दिवशी मिळालं जेव्हा ते घ्यायची लाज वाटत होती.

घाणा संपला. आत्तींनी हात धुतले, पदराला पुसले. "आण."

मी टॉवेल सोडला. आत्तींनी हात घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात, उजेडात गेल्या. आमच्याकडं पाठ. बाहेर बागेत ठिबकचं पाणी सुरू होतं, त्याचा आवाज येत होता. वैशालीनं माझं मनगट धरलं होतं.

आत्ती वळल्या तेव्हा त्यांचा अंगठा त्या पाच टिपक्यांवर होता.

"हे गोंदण माझ्या सासूचं," त्या म्हणाल्या. "असंच हुतं तिच्या हातावर. सुतारानं तिचाच हात बघून गवरीचं हात केलं, आन तिनं आपल्या गोंदणावानी टिपकं दिलं. बिब्ब्यानं. बिब्ब्याचा डाग जात न्हाय."

"मग हा गुलाबी..." वैशाली म्हणाली.

"मी." आत्ती खाली बसल्या. "लगनाच्या पयल्या साली. अठरा वर्साची हुते. सासू काळी हुती माझी. मी म्हणलं, काळ्या हाताची गवर कुणी बघितलीय का? तिच्या म्होरं म्हणलं. बाजारातनं पिवळा रंग आणला आन चारी हात रंगवून टाकलं. न इचारता. मागनं त्याच्यावर गुलाबी."

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कायबी न्हाय. पर तवापास्नं गवरीला बांगड्या तिनं भरल्या न्हाईत. म्हणायची, तूच भर. मला वाटायचं, मान देतीय." त्यांचा हात थरथरत होता, आणि त्यात धरलेला हात त्याच्याबरोबर हलत होता. "मला भाकरी थापाय शिकीवली ती ह्याच हातानं. माझं बोट धरून. अन् मी ह्येच्यावर रंग वतला."

लोकांच्या हातावरचे रंग काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. खाली कुणी असेल, हे मनात आलं नव्हतं.

आत्तींनी डोळे पुसले. मग परातीवर फडकं टाकलं आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "बाटली आणलीय का तुज्यासंगं?"

"आणलीय."

"मग बाकीचं तीन बी पूस."

"आत्ती, बाया इचारतील," वैशाली म्हणाली. "औंदा गवर सावळी कशी म्हणून."

"इचारू दे. मी सांगीन."

ओसरीवर पोतं अंथरून मी बसले. कमळं डोक्यावर फिरत होती. या वेळी मात्र मी पूर्ण जागी होते. थोडं थोडं, बोटांच्या बेचक्यात कापसाच्या काडीनं, एकाच दिशेनं, दाबून नाही. दोन तास लागले. आधी गुलाबी गेला, मग पिवळा. शेवटी तेल लावून चारही हात उन्हाला मांडले. ऊन उतरतीचं होतं. त्यात ते लाकूड इतकं जिवंत दिसलं की वैशालीनं आपला हात त्याच्याशेजारी ठेवून पाहिला. दोघींचा रंग जवळजवळ सारखा होता. ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

टिपके ज्येष्ठेच्या उजव्या हातावरच होते. बाकी तीन हात कोरे.

आत्ती चहा घेऊन आल्या. कनिष्ठेचा उजवा हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हिचा हात मोकळाच ऱ्हायला. मी घालाय पायजे हुतं कायतरी. मी रंगच देत बसले." मग म्हणाल्या, "वैशाली, बांगड्या वर कर."

वैशालीच्या हातातला कप थांबला. "कुठल्या, आत्ती?"

"डाव्या हातातल्या. अकरा वर्सं बघतीय. भाकरी थापताना वर सरकत्यात त्या. तुला वाटतं, म्हातारीला दिसत न्हाय."

वैशालीनं मान खाली घालून बांगड्या वर केल्या. फुलपाखरू. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर जत्रेत काढलेलं, एका पंखाची निळी शाई फिसकटलेली.

"हेच काढ हिच्या हातावर," आत्ती म्हणाल्या. "बिब्ब्यानं. कुणी पुसलं तरी जायचं न्हाय."

बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल सुटतं. ते कातडीला लागलं तर भाजतं, म्हणून मी वैशालीला माझे हातमोजे घातले. माझ्याकडे डॉटिंग टूल होतं, टोकाला मोहरीएवढी गोळी असलेली सळी. नखावर टिपके द्यायला वापरतो. ती बिब्ब्याच्या तेलात बुडवून मी वैशालीच्या हातात दिली. हे काम माझं नव्हतं, एवढं त्या दिवशी मला कळायला लागलं होतं.

वैशालीनं सळी लाकडाजवळ नेली आणि थांबली.

"आत्ती, मनगटाकडं काढू का बोटांकडं? का लहानच काढू? का आधी पेनानं..."

"मला काय इचारती?" आत्ती म्हणाल्या. "गवर कुणाची हाय औंदा?"

वैशालीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली वाकली आणि न विचारता फुलपाखरू काढलं. डावा पंख जरा मोठा झाला. बिब्बा असल्यामुळं तो आता तसाच राहील, मी नसेन तेव्हाही.

साडेपाचची एसटी धरायची होती. मला पुडीत बारा कानवले मिळाले, त्यातले दोन तोंड उघडलेले, आत्तींचे. मी तेच आधी खाल्ले.

गाडी इंदापूर सोडून बरीच पुढं आली तेव्हा मला आठवलं, की ज्या कामासाठी हात माझ्याकडे आले होते ते काम झालंच नव्हतं. वीस नखं, वीस फुलं. एकही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैशालीनं फोटो पाठवला. पितळी मुखवटे, हिरव्या साड्या, कागदाची कमळं आणि चार सावळे हात, बांगड्यांनी भरलेले. मी तो मोठा करून पाहिला, सवयच आहे. नखं लाल होती. साधं घरचं नेलपेंट, थरथरत्या हातानं लावलेलं. तीन नखांवर रंग कडेबाहेर गेला होता, एका करंगळीवर तर बोटभर पसरला होता. धंद्याच्या नजरेनं सांगायचं तर काम साफ वाईट. मॅडमला दाखवलं. ती म्हणाली, हा फोटो भिंतीवर लावू नकोस, लोकांना वाटेल आपण केलंय. मी लावला.

आता प्रेप करताना मी आधी बाटली उघडत नाही. समोरच्या बाईला विचारते, यावर आधी काय लावलंय आणि कुणी लावलंय. बहुतेक जणी म्हणतात, काही नाही हो, घरीच लावलंय. मग मी एक कोपरा पुसून पाहते आणि थांबते. नव्या मुलींनाही हेच शिकवते. त्यांना वाटतं, मी वेळ काढते.

वैशालीच्या फोटोखाली एक मेसेज होता. "ताई, नैवेद्याच्या भाजीत मीठ न विचारता घातलं. जरा जास्तच पडलं. आत्ती काही बोलल्या नाहीत. दोनदा घेतली."